थाळनेरची नात आणि चित्रपटाची मालकी

शिरपूर तालुक्यातलं थाळनेर तापीच्या उत्तर काठावर वसलं आहे. फारुकी घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा याने चौदाव्या शतकात इथूनच खानदेशावर राज्य करायला सुरुवात केली, आणि त्या घराण्याच्या कबरी अजूनही गावात उभ्या आहेत. १८१८ च्या फेब्रुवारीत सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने इथला किल्ला घेतला, आतल्या शिबंदीची कत्तल केली आणि किल्लेदार तुळशीरामाला फाशी दिलं. इतिहासात थाळनेरचं नाव येतं ते राजांच्या आणि लढायांच्या निमित्ताने. विसाव्या शतकात या गावात हरिदास रामदास लाड नावाचे सधन गुजराती व्यापारी राहत होते. त्यांच्या नर्मदा या मुलीचं लग्न बळवंत संगीत मंडळीचे मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्याशी झालं. ती अकाली गेली, आणि नंतर तिची धाकटी बहीण शेवंती दीनानाथांच्या घरी आली. या शेवंतीची, म्हणजे पुढच्या माईंची, थोरली मुलगी लता. आजीकडून शिकलेले गुजराती गरबे आणि लोकगीतं ही तिच्या कानावर पडलेल्या संगीतातली फार जुनी शिदोरी होती. खानदेशात हे नातं कौतुकाने सांगितलं जातं आणि तिथेच सोडून दिलं जातं. या आजोळाच्या काठाने एक वेगळा प्रश्न मांडता येतो: लता मंगेशकर यांनी चित्रपटात काम केलं आणि चित्रपट काढलेही, मग त्यांच्या आयुष्याच्या या दोन बाजू आपल्या स्मरणातून इतक्या सहज कशा गळाल्या?

माझं म्हणणं असं आहे की लताबाईंच्या गाण्याच्या कारकिर्दीतल्या सगळ्यांत वादग्रस्त गोष्टी, म्हणजे नावासाठीचा आग्रह, पुरस्कारावरून धरलेला हट्ट आणि रॉयल्टीचा झगडा, त्यांच्या अभिनेत्री म्हणून गेलेल्या पाचसहा वर्षांशिवाय आणि निर्माती म्हणून काढलेल्या चार चित्रपटांशिवाय नीट समजत नाहीत. लोक या गोष्टींना स्वभाव म्हणतात, कुणी अहंकार म्हणतं. मला त्यामागे कामाचा आणि मालकीचा एक सरळ हिशेब दिसतो. तो हिशेब त्यांनी तेराव्या वर्षी पगारदार म्हणून शिकायला घेतला आणि चोविसाव्या वर्षी निर्माती म्हणून स्वतः मांडून पाहिला.

अशा स्त्रिया जगभर झाल्या आणि जवळजवळ सगळ्यांच्या वाट्याला हेच विस्मरण आलं. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत मारिया पी. विल्यम्स या कृष्णवर्णीय स्त्रीने १९२३ साली ‘फ्लेम्स ऑफ रॅथ’ हा पाच रिळांचा मूकपट काढला. निर्मिती तिची, वितरणाची धडपड तिची, आणि पडद्यावर सरकारी वकिलाची भूमिकाही तिचीच. ज्या देशात तिच्या समाजाला असंख्य चित्रपटगृहांत वेगळ्या दाराने आत जावं लागत होतं, तिथे तिने कायद्याच्या बाजूने बोलणारी बाई स्वतः रंगवली. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. आपल्याकडे तीनच वर्षांनी, १९२६ मध्ये, फातमा बेगम यांनी मुंबईत स्वतःची कंपनी काढून ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. त्याचीही प्रत उरली नाही. खानदेशाच्या शेजारी, येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार यांनी १९३२ च्या ‘कैलास’ या मूकपटाच्या निर्मितीत भाग घेतला होता. आज त्यांचं नाव काढलं की खाष्ट सासू आठवते. दुर्गा खोटे यांनी तीसच्या दशकात ‘साथी’ काढला, आणि अर्धशतकानंतर दूरदर्शनवरची ‘वागळे की दुनिया’ त्यांच्याच संस्थेने निर्माण केली. मालिका घराघरांत पाठ आहे, निर्मातीचं नाव फार थोड्यांच्या लक्षात आहे. पडद्यावरचा चेहरा टिकतो, गळा टिकतो, पण पैसा उभा करणारी, करार करणारी, नफातोटा अंगावर घेणारी बाई इतिहासातून निसटते. हे इतक्या वेळा घडलं आहे की त्याला योगायोग म्हणता येत नाही.

लताबाईंच्या बाबतीत सुरुवात रंगभूमीपासून करावी लागते. आईवडिलांनी मुलीचं नाव आधी हेमा ठेवलं होतं. मग गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिकेवरून ते लता झालं, आणि ती लतिका रंगमंचावर स्वतः दीनानाथांनी साकारली होती. पुरुषाने रंगवलेल्या स्त्रीचं नाव घेऊन ही मुलगी वाढली. याच काळात जळगावात महबूब खाँकडे गाण्याचे पहिले धडे गिरवलेले नारायण राजहंस बालगंधर्व होऊन महाराष्ट्राला स्त्रीसौंदर्याचा नमुना दाखवत होते. दादासाहेब फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामती साळुंके नावाच्या पुरुषाने केली, कारण पडद्यावर यायला बाई मिळेना. त्याच १९१३ सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. म्हणजे लताबाईंचा जन्म झाला त्या १९२९ साली बाईने पडद्यावर बाईची भूमिका करणं ही गोष्ट महाराष्ट्रात जेमतेम सोळा वर्षांची होती.

१९४२ च्या एप्रिलमध्ये पुण्यात दीनानाथ गेले. घरात पाच भावंडं, लता सगळ्यांत थोरली. मास्टर विनायकांनी या कुटुंबाला हात दिला, आणि त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’मध्ये लता एका छोट्या भूमिकेत दिसली. पुढे विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये, आधी कोल्हापुरात आणि १९४५ पासून मुंबईत, त्या नोकरीला होत्या. ‘माझे बाळ’, ‘गजाभाऊ’, नूरजहाँबरोबर ‘बडी माँ’, शांता आपटे यांच्याबरोबर ‘सुभद्रा’ अशी ती यादी आहे. हे काम त्यांना आवडत नव्हतं, आणि हे त्यांनी मुलाखतींत पुन्हा पुन्हा स्पष्टपणे सांगितलं आहे. चेहऱ्याला रंग लावा, दिव्यांखाली उभं राहा, सांगतील तेव्हा हसा, सांगतील तेव्हा रडा. कपाळ मोठं दिसतं म्हणून केस आणि भुवया कापायला सांगितल्याचा अपमानही त्यांनी आठवणींत नोंदवला आहे. या आठवणींकडे आपण लाजाळू मुलीचा संकोच म्हणून पाहतो. पण शांतपणे वाचल्या तर त्यात कामगाराची तक्रार आहे. आपलं शरीर, चेहरा आणि वेळ दुसऱ्याच्या ताब्यात आहे, मोबदला ठरलेला आहे आणि तयार झालेल्या वस्तूवर आपला कसलाही हक्क नाही, ही जाणीव तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला शब्दांत मांडता आली नसेल, पण तिने ती भोगली होती.

शांता आपटे यांचं नाव इथे उगाच आलेलं नाही. १९३९ मध्ये करारावरून मतभेद झाल्यावर या नटीने पुण्यात प्रभात कंपनीच्या दाराशी उपोषण केलं, आणि पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक लिहून चित्रपटधंद्यातल्या नोकरीची, पिळवणुकीची आणि मालकांच्या मनमानीची चिरफाड केली. उपोषणानंतर सात वर्षांनी ‘सुभद्रा’च्या सेटवर एकीकडे ही बाई होती आणि दुसरीकडे सोळा-सतरा वर्षांची लता. दोघींचं काय बोलणं झालं यावर कल्पनेचे इमले बांधायची गरज नाही. मराठी चित्रपटातल्या स्त्रियांना आपल्या कामाची किंमत, कराराचा अर्थ आणि मालकाची ताकद चांगली कळत होती, एवढं यातून सिद्ध होतं. लताबाईंचे पुढचे हट्ट आभाळातून पडलेले नव्हते, त्यांच्याआधी एक अख्खी पिढी याच गोष्टीसाठी झगडत होती.

आता निर्मितीकडे येऊ. चित्रनिर्मिती म्हणजे काय असतं हे या घराला चांगलंच ठाऊक होतं. १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर उभी केलेली बळवंत संगीत मंडळी हे दीनानाथांचं वैभव होतं. बोलपट आला, नाटकमंडळ्यांचा प्रेक्षक तिकडे वळला, आणि मंडळीने स्वतःच चित्रपट काढायचं धाडस केलं. त्या धाडसाने उरलीसुरली पुंजी खाल्ली. कर्ज, दारिद्र्य आणि दीनानाथांचं खचत गेलेलं शरीर हे सगळं लताबाईंनी लहान वयात घरात पाहिलं. शहाणपणाचा साधा सल्ला असा असता की गाण्यातून येणारा पैसा घरात ठेवावा आणि या धंद्याकडे पुन्हा पाहू नये. तरीही १९५३ मध्ये त्यांनी मराठीत ‘वादळ’ काढला, त्याच वर्षी सी. रामचंद्र यांच्या साथीने हिंदीत ‘झांझर’ काढला, आणि १९५५ मध्ये ‘कंचनगंगा’. वडिलांना ज्या व्यवसायाने बुडवलं त्यातच मुलीने स्वकष्टाचा पैसा घातला. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. भावंडांची जबाबदारी अंगावर असताना तीन वर्षांत तीन चित्रपट काढणाऱ्या बाईला हौशी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. हौस एका चित्रपटावर भागते.

आणि इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. १९४९ च्या ‘महल’च्या तबकडीवर गायिकेच्या जागी पात्राचं नाव छापलं होतं, कामिनी; गाणारी कोण हे श्रोत्यांना रेडिओला विचारावं लागलं. नावाची लढाई ही. त्यानंतर १९५३ ते १९५५ या काळातली निर्मिती. त्यानंतर ‘चोरी चोरी’च्या संगीताला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तेव्हा सोहळ्यात गाणं म्हणायला लताबाईंनी नकार दिला, कारण गाणाऱ्यांसाठी पुरस्कारच नव्हता. पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि ‘मधुमती’साठी पहिला त्यांनाच मिळाला. साठच्या दशकात रॉयल्टीचा वाद पेटला. निर्मात्याकडून ठरलेले पैसे घेतले की गाण्यावरचा हक्क संपला, अशी मोहम्मद रफींची भूमिका होती; गाणं वर्षानुवर्षं कमाई करत राहतं तर गाणाऱ्याचाही त्यात वाटा असावा, असं लताबाईंचं म्हणणं होतं. दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं सोडलं. या वादाचं वर्णन नेहमी दोन मोठ्या गायकांमधला रुसवा म्हणून होतं. पण रॉयल्टी मागणारी बाई त्याआधी निर्मातीच्या खुर्चीत बसून आलेली होती, हे कुणी मांडत नाही. चित्रपटाचा पैसा कुठून येतो, वितरकाकडे किती थांबतो, तबकडीच्या कंपनीकडून कुणाला काय मिळतं हे निर्मातीला कळल्याशिवाय राहत नाही. मी हा निष्कर्ष काढतो आहे, त्याचा लेखी पुरावा देत नाही. पण तारखांचा क्रम त्याच्या बाजूने उभा आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला न सोडता येणारा वाटा मिळाला आणि गायकांसारख्या कलावंतांचाही व्यापारी वापरातल्या रॉयल्टीवरचा हक्क मान्य झाला. साठच्या दशकात जे मागणं लोभी ठरवलं गेलं, ते पन्नास वर्षांनी देशाचा कायदा झालं.

साठच्या दशकातच त्यांनी आणखी एक दार उघडलं होतं. ‘आनंदघन’ या नावाने त्यांनी भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना संगीत दिलं. ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाला, तेव्हा आनंदघन म्हणजे त्याच, हे जाहीर सोहळ्यात उघड झालं. स्वतःचं नाव तबकडीवर छापून घ्यायला झगडलेली बाई संगीतकार म्हणून मात्र नाव झाकून का राहिली, याचं उत्तर मला विनयात शोधावंसं वाटत नाही. गायिकेचं नाव बाजाराने स्वीकारलं होतं. बाई संगीतकार आहे, बाई निर्माती आहे, हे स्वीकारायला तोच बाजार राजी नव्हता. गळा बाईचा चालतो, निर्णय बाईचा चालत नाही. या भेदाचा त्यांना पुरेपूर अनुभव होता.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ते तीन चित्रपट चालले नाहीत, म्हणूनच विसरले गेले, यात स्त्रीपुरुष कशाला आणायचं? आक्षेप वजनदार आहे. ज्या १९५३ मध्ये ‘वादळ’ आला, त्याच वर्षीच्या अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ने पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलं, अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींच्या आईची ती गोष्ट अवघ्या महाराष्ट्राच्या मनात बसली, आणि ‘वादळ’ बसला नाही. पण अपयश हा विसरण्याचा नियम असेल तर तो सगळ्यांना सारखा लागला पाहिजे. दादासाहेब फाळके अखेरच्या वर्षांत नाशिकला विपन्नावस्थेत गेले, आणि त्यांच्या अपयशाला आपण त्यागाचं मोल दिलं. राज कपूरच्या ‘मेरा नाम जोकर’ने आर. के.ला कर्जात ढकललं, आणि ती कलावंताच्या वेडाची दंतकथा झाली. खुद्द दीनानाथांची बुडालेली कंपनी मराठी नाट्येतिहासात शोकांतिकेच्या सुरात सांगितली जाते. पुरुषाचं अपयश कथा होतं, बाईचं अपयश तळटीप. शिवाय अपयश हेच मोजमाप धरायचं तर चौथ्या चित्रपटाचं काय करायचं? १९९० च्या ‘लेकिन’ला, टागोरांच्या कथेवर गुलजारांनी केलेल्या चित्रपटाला, पाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाले: लताबाईंचे भाऊ हृदयनाथ यांना संगीतासाठी, गुलजारांना गीतांसाठी, नितीश रॉय यांना कलादिग्दर्शनासाठी, कोल्हापूरच्या भानू अथैया यांना वेशभूषेसाठी आणि लताबाईंना गायनासाठी. एकसष्टाव्या वर्षी, बाजाराची फिकीर न करता त्यांनी तो काढला. तरीही ‘लेकिन’ कुणाचा, असं विचारलं की लोक गुलजारांचा म्हणतात.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि त्याला सहज उत्तर नाही. मारिया विल्यम्सचं नाव घेऊन लताबाईंकडे येणं ही तुलना खरी आहे का? अमेरिकेत कातडीच्या रंगावरून माणसाचं सगळं आयुष्य ठरत होतं. १९४० साली हॅटी मॅकडॅनियल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला ऑस्कर मिळालं, तेव्हाही तिला समारंभात वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. लताबाईंना नाव, मान, भारतरत्न, राज्यसभा हे सगळं मिळालं. तुलना करायचीच तर खानदेशाच्या यात्रांत, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, गावोगावच्या कनातींत नाचलेल्या तमाशातल्या स्त्रियांशी करायला हवी. मला हा मुद्दा बऱ्याच अंशी मान्य आहे. विठाबाई नारायणगावकरांनी स्वतःच्या नावाचा फड चालवला, राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतला आणि हलाखीत डोळे मिटले. ‘सांगत्ये ऐका’, ‘पिंजरा’ या चित्रपटांनी तमाशातल्या बाईवर भरपूर कमाई केली. त्या कमाईत फडातल्या एकाही बाईचा वाटा नव्हता. जातीची उतरंड आणि मालकी यांचं नातं तिथे जितकं उघडंवाघडं दिसतं तितकं मंगेशकरांच्या घरात दिसत नाही.

तरीसुद्धा तुलना पूर्ण सोडून द्यावी असं मला वाटत नाही, आणि त्याचं कारण गोव्यातल्या मंगेशी गावात आहे. दीनानाथांची आई येसूबाई गोव्याच्या देवळाशी बांधलेल्या कलावंत समाजातली, वडील देवळातले पुजारी. मुलाला वडिलांचं आडनाव मिळालं नाही, त्याने गावाचं घेतलं. या समाजातल्या स्त्रियांकडे पिढ्यान्‌पिढ्या संगीत होतं, कला होती, पण प्रतिष्ठा नव्हती, आणि आपल्या कलेवर ताबाही नव्हता. त्यांना रंगमंचावर बोलावलं जायचं आणि घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं जायचं. लताबाईंच्या जन्माच्या सुमारास या समाजाने गोमंतक मराठा समाज हे नाव धारण करून सन्मानाचा लढा संघटितपणे मांडला. अमेरिकेतल्या वर्णभेदाचं आणि याचं माप एक नाही. पण जिची कला सगळ्यांना हवी असते आणि जिची मालकी कुणालाच नको असते, अशी बाई दोन्हीकडे आहे. येसूबाईंच्या नातीने चित्रपटाच्या कागदावर निर्माती म्हणून सही केली, या घटनेचं वजन त्या पार्श्वभूमीवर तोललं पाहिजे.

तिसरा आक्षेप मक्तेदारीचा. ज्या बाईने मालकी मागितली, तिने इतर गायिकांची वाट अडवली, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. संगीतकारांच्या सवयी, निर्मात्यांचा हमखास यशाचा सोस आणि त्यांचा स्वतःचा दबदबा यांत कशाचा वाटा किती, हे कुणाला काटेकोर मोजता येणार नाही. पण हिंदी चित्रपटसंगीताने दोन-तीन दशकं एका आवाजाभोवती फेर धरला, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझं म्हणणं इतकंच की स्वतःसाठी मिळवलेला हक्क आपोआप सगळ्यांचा होत नाही, आणि तो सगळ्यांचा झाला नाही म्हणून मुळात चुकीचाही ठरत नाही. रॉयल्टीची मागणी तर तत्त्वतः प्रत्येक गाणाऱ्यासाठी होती. तिचा फायदा नव्या मुलींना उशिरा मिळाला, याचा दोष मागणाऱ्यापेक्षा न देणाऱ्यांवर जास्त आहे.

राहिला खानदेशाचा प्रश्न. जन्म इंदूरचा, बालपण सांगलीचं, उमेदवारी कोल्हापूर-पुण्याची, आयुष्य मुंबईचं. मग थाळनेर मधेच कुठून आलं, असं कुणीही विचारील. आजोळ हा आपल्याकडे सुट्टीचा आणि लाडाचा विषय आहे, इतिहासाचा नाही. वंशावळी वडिलांच्या अंगाने लिहिल्या जातात, म्हणून आईच्या गावाचा हक्क कागदावर उरत नाही. पण ज्या घराचं आडनावच वडिलांकडून आलेलं नाही, ज्या घरात आजीची ओळख हा मूळ प्रश्न होता आणि १९४२ नंतर ज्या घराचा सांभाळ एका विधवा आईने केला, त्या घराचा इतिहास बायकांच्या अंगाने वाचणं अधिक प्रामाणिक आहे. आणि तसा वाचला की शिरपूर तालुक्याला चित्रपटाच्या इतिहासात जी जागा मिळते ती मला फार मोलाची वाटते.

कारण ही गोष्ट लताबाईंपाशी थांबत नाही. १९७७ मध्ये ‘जैत रे जैत’ आला. त्याची निर्माती उषा मंगेशकर, म्हणजे थाळनेरच्या शेवंतीचीच मुलगी. नायिका स्मिता पाटील, शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक. गीतं ना. धों. महानोरांची, जळगाव जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेल्या पळसखेड्याच्या कवीची. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर जब्बार पटेलांनी केलेल्या या चित्रपटाने त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. त्याच वर्षी स्मिताला ‘भूमिका’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि ‘भूमिका’ उभी होती हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर. एका तालुक्याशी नातं असलेल्या दोन स्त्रिया, एक निर्माती आणि एक अभिनेत्री, एकाच चित्रपटात भेटल्या आणि एकाच वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत दोघींची नावं लागली. हे मी खानदेशी अभिमानासाठी सांगत नाही. ‘जैत रे जैत’ची चिंधी नको असलेला नवरा सोडते, हवा तो पुरुष स्वतः निवडते, आणि ठाकर समाजातल्या या बाईची गोष्ट पडद्यावर आणायला पैसा एका बाईने घातला. नायक नाग्याच्या डोंगरावरच्या मधाच्या पोळ्यांइतकंच चिंधीचं ठाम बोलणं चित्रपटात केंद्रस्थानी आहे. दुसऱ्या कुणी निर्मात्याने ते तसंच राहू दिलं असतं का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्याचबरोबर हेही खरं की ठाकर समाजाच्या बाईची गोष्ट त्या समाजाच्या बाईच्या मालकीची झाली नाही. मालकी एक पायरी खाली आली होती, तळापर्यंत पोचली नव्हती.

स्मिताच्या वाट्याला निर्मितीची वर्षं आलीच नाहीत. १९८६ च्या डिसेंबरमध्ये, एकतिसाव्या वर्षी ती गेली. मुंबईतल्या स्त्री-संघटनांच्या कामात तिने घातलेलं लक्ष पाहता, पुढे तिने काय केलं असतं याची हळहळ खानदेशाला कायम राहील.

आज जळगाव-धुळ्यात अहिराणीतली गाणी आणि विनोदी चित्रफिती मोबाइलवर लाखो लोक पाहतात. मालेगावच्या चित्रपटांवर माहितीपट झाला, त्यावर हिंदी चित्रपट झाला, आणि तो रीमा कागती या स्त्री दिग्दर्शिकेने केला. त्या मालेगावी चित्रपटांना नायिका मात्र बाहेरून आणाव्या लागत होत्या. अहिराणी चित्रफितींत आता मुली दिसतात, नाचतात, बोलतात. ज्या वाहिनीवर त्या दिसतात ती वाहिनी कुणाच्या नावावर आहे, जाहिरातीचा पैसा कुणाच्या खात्यात जातो, हे विचारायची वेळ आली आहे. आणि हे विचारणं आगाऊपणाचं वाटत असेल, तर १९४९ मध्ये तबकडीवर स्वतःचं नाव मागणंही आगाऊपणाचंच वाटलं होतं. त्याचबरोबर जुन्या कागदांचं कामही अडून पडलं आहे. जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि प्रत्येक चित्रपटाच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर अर्जदाराचं आणि निर्मात्याचं नाव नोंदवलेलं असतं. ‘वादळ’, ‘झांझर’ आणि ‘कंचनगंगा’ यांच्या प्रती, करार, जाहिराती आणि प्रमाणपत्रं खानदेशातल्याच एखाद्या संशोधक मुलीने शोधून काढावीत, त्यांच्याबरोबर ललिता पवारांचा ‘कैलास’ही घ्यावा, आणि निर्मात्याच्या रकान्यापासून वाचायला सुरुवात करावी.